धुकं कुणाच्या मालकीचं?

गेल्या कोजागिरीला आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्याच्या अगाशीवर दूध आटत होतं आणि शेगडीभोवतीची पोरं एका जपानी माणसाचं पोस्टमॉर्टेम करत बसली होती. (बडोद्याबाहेरच्यांसाठी : अगाशी म्हणजे गच्ची. इथल्या मराठीला गुजरातीचा वास लागतोच.) माणूस म्हणजे केइचिरो तोयामा. १९९९ साली कोनामी कंपनीत असताना त्यांनी ‘सायलेंट हिल’ या हॉरर गेमचं दिग्दर्शन केलं, मग सोनीत जाऊन ‘सायरन’ आणि ‘ग्रॅव्हिटी रश’ केले, आणि २०२० मध्ये, पन्नाशीला पोचल्यावर, सोनीतली नोकरी सोडून दोघा सहकाऱ्यांबरोबर स्वतःचा स्टुडिओ थाटला. नाव ‘बोके’. मराठी माणूस हे ऐकून हसणारच. पण जपानीत तो शब्द धूसरपणाचा आहे, फोटोग्राफर लोक पार्श्वभूमीच्या ज्या पुसटपणाला बोके म्हणतात तोच. ज्याचं नाव धुक्याने झालं त्याने आपल्या घरालाही पुसटपणाचंच नाव द्यावं, हे मला आवडलं.

या घरातून पहिला गेम निघाला ‘स्लिटरहेड’, ८ नोव्हेंबर २०२४ ला. परीक्षणं संमिश्र आली. कल्पना अफलातून, मारामारी तीच ती, चेहरे लाकडी, असा एकूण सूर. वाद पेटला तो यावरून. एक गट म्हणत होता, “कंपनीची झूल उतरली की हत्ती केवढा होता ते कळतं. पैसा कंपनीचा, माणसं कंपनीची, यंत्रणा कंपनीची. यांचं फक्त नाव.” दुसऱ्या बाजूला फाइन आर्ट्सची एक मुलगी होती. तिचं म्हणणं, “कंपन्या कलेचा गळा घोटतात. तो सुटला, एवढं पुरे आहे. गेम कसा का होईना.” दोन्हीकडे आवाज चढलेले, आणि दुधाकडे कुणाचं लक्ष नाही.

मला दोन्ही बाजू कच्च्या वाटल्या. पहिली बाजू एका गेमच्या गुणांवरून तीस वर्षांच्या कारकिर्दीचा हिशेब मिटवते. दुसरी बाजू नोकरी सोडण्यालाच कलाकृती समजते. माझं म्हणणं असं, की मोठी कंपनी सोडून स्वतंत्र होणं म्हणजे आश्रयदाता बदलणं. त्यात मोक्ष नाही आणि मूर्खपणाही नाही. मात्र भीतीच्या धंद्यात हा बदल कधी ना कधी करावाच लागतो, कारण कंपनीचं भांडवल ओळखीचं असतं आणि भीतीचं अनोळखीचं. म्हणून पहिला गेम दहापैकी किती, यापेक्षा मला विचारावंसं वाटतं ते हे : जाताना त्याच्या पदरात काय पडलं, आणि काय मागे ठेवून जावं लागलं?

आधी भीतीबद्दल. पहिल्या ‘सायलेंट हिल’मधलं ते प्रसिद्ध धुकं ही अर्ध्याहून अधिक अडचण होती. तेव्हाच्या प्लेस्टेशनला लांबवरचं गाव एका वेळी पडद्यावर उभं करणं झेपत नव्हतं. जे दाखवता येत नाही ते धुक्यात आणि अंधारात बुडवलं, आणि हातात दिला एक खरखरणारा रेडिओ. राक्षस जवळ आला की तो खरखरू लागतो, पण कुठल्या बाजूने आला हे सांगत नाही. ज्यांचं लहानपण वाड्यात गेलं त्यांना हे समजावून सांगायला नको. आमच्याकडे रात्री परसात जायचं तर कंदील घेऊन जावं लागे. अंधाराची भीती कधी वाटली नाही. अंधाराला काय, सवय होते. भीती वाटायची ती कंदिलाचा उजेड जिथे संपतो त्या कडेची, कारण ती कडा आपल्याबरोबर चालत असे. तोयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कडा यंत्रात आणली. ‘सायरन’मध्ये त्यापुढे गेले : तिथे तुम्ही पाठलाग करणाऱ्याच्या डोळ्यांतून पाहू शकता, म्हणजे आपण लपलो आहोत तेच ठिकाण आपल्याला शोधणाऱ्याच्या नजरेने दिसतं. हे ज्याला सुचलं त्याला मी लांबूनच नमस्कार करतो.

पण परसातली वाट महिनाभर तुडवली की पाय आपोआप दगड ओळखू लागतात आणि कंदील नुसता उजेडापुरता उरतो. भीतीचा हा स्वभाव धंद्याच्या स्वभावाच्या नेमका उलटा आहे. गाणं पुन्हा ऐकावंसं वाटतं, पुरणपोळी पुन्हा खावीशी वाटते, दचकायला मात्र नवंच काहीतरी लागतं. आणि कंपनीकडे विकायला असतं काय? एक नाव, जे गिऱ्हाइकाला ओळखू येतं. ज्या धुक्याने १९९९ मध्ये घाबरवलं, तेच धुकं पंचवीस वर्षांनी वेष्टनावर छापलं की ती खूण होते, बोधचिन्ह होतं. त्याला पाहून मनाला बरं वाटतं. हॉरर गेमच्या बाबतीत बरं वाटणं ही तक्रार आहे.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात दणकट मुद्दा. ‘स्लिटरहेड’च्या बरोबर एक महिना आधी, ८ ऑक्टोबर २०२४ ला, कोनामीने ‘सायलेंट हिल २’ची नवी आवृत्ती बाजारात आणली. बनवली पोलंडच्या ब्लूबर टीमने. तोयामांचा त्यात हात नाही. २००१ च्या मूळ दुसऱ्या भागाचं दिग्दर्शनही त्यांचं नव्हतं, मासाशी त्सुबोयामांचं होतं. परीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं, काही दिवसांत दहा लाखांवर प्रती खपल्या. म्हणजे नाव कंपनीकडे राहिलं, कारागीर पोलंडचे आले आणि गेम चांगला झाला. मूळ माणूस बाहेर पडून जे करतोय ते मात्र अडखळतंय. मग अडलं कुणाचं? अगाशीवर हा मुद्दा निघाला तेव्हा दुसरा गट गप्प झाला होता, आणि गप्प होण्यासारखाच तो आहे.

शिवाय कंपनीत राहून नवी भीती तयार होतच नाही असंही म्हणता येणार नाही. कॅपकॉममध्ये शिंजी मिकामींनी १९९६ साली ‘रेसिडेंट ईव्हिल’ केला आणि २००५ मध्ये त्याच मालिकेच्या चौथ्या भागात सगळी घडी मोडून नवी बसवली. २०१७ मध्ये मिकामी तिथे नसतानाही सातव्या भागाने कॅमेरा थेट खेळणाऱ्याच्या डोळ्यांत नेला आणि लोक पुन्हा घाबरले. हे मी मान्य करतो. पण केव्हा झालं ते पाहा. त्याच्या आधीचा सहावा भाग, २०१२ चा, दारूगोळ्याने ठासून भरलेला होता आणि कंपनीच्या अपेक्षेइतका खपला नाही. गिऱ्हाईक हलायला लागलं की दुकानदार पाटी तीच ठेवून आतला माल बदलतो. मोठ्या घरात नवेपणा येतो, पण तो अडल्यावर येतो, आणि कधी अडायचं हे कारागिराच्या हातात नसतं. आणि रिमेकचं म्हणाल, तर ती पिकलेली मुदत ठेव आहे. मोडली, व्याजासकट मिळाली, आनंद आहे. पण २००१ मध्ये कुणीतरी पैसे भरले होते म्हणून ती पिकली. आज कुणीच नवी ठेव ठेवली नाही तर २०५० मध्ये पोलंडच्या पोरांनी मोडायची काय?

दुसरा मुद्दा माणसांचा : गेम एकट्याने होत नाही. अगदी खरं. ‘सायलेंट हिल’चं निम्मं भय अकिरा यामाओकांच्या आवाजात आहे, गंजलेल्या यंत्रासारख्या त्या संगीतात. राक्षस मासाहिरो इतोंचे. तोयामा गेल्यावर झालेला दुसरा भाग पहिल्याहून सरस मानणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांतला एक. एकट्या प्रतिभावंताची पोथी इथेच फाटते. पण ज्यांनी हा मुद्दा काढला त्यांनी तो अर्ध्यावर सोडला. काम माणसांनी केलं असेल, तर ते इमारतीने केलं नाही एवढंही त्यातून निघतं. यामाओका पुढे कोनामीतून बाहेर पडले आणि ‘स्लिटरहेड’चं संगीत त्यांनीच केलं. माणसं फुटतात, पांगतात आणि दुसऱ्या मांडवाखाली पुन्हा जमतात.

हे वाक्य लिहिताना मला टोकियोपेक्षा आपली नाटकं आठवतात. मराठीत याला शब्दच आहे : मंडळी फुटली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. तेव्हाही लोकांनी विचारलंच असेल, की किर्लोस्करांच्या रंगमंचावाचून हे गंधर्व किती उंच उडणार? उत्तर सगळ्यांना माहीत आहे; पण त्या उत्तराच्या दोन बाजू आपण विसरतो. एक, ही ‘स्वतंत्र’ मंडळी राजाश्रयाशिवाय राहिली नाही, आमच्या सयाजीराव महाराजांचाच आश्रय तिला होता, आणि तरीही पुढे ती कर्जात रुतली. अत्तराचे दिवे जाळणाऱ्याला सावकारही तसेच भेटतात. टेंबे तर दोनेक वर्षांत तिथूनही निघून गेले. दोन, आणि माझ्या दृष्टीने ही जास्त महत्त्वाची, ‘मानापमान’मधली भामिनी त्यांना मागे ठेवावी लागली नाही. किर्लोस्कर मंडळीत असताना केलेली भूमिका बालगंधर्व आपल्या मंडळीतही करत राहिले. १९२१ च्या त्या गाजलेल्या संयुक्त प्रयोगातही भामिनी त्यांचीच.

तोयामांना ही सोय नाही. त्यांनी धुकं वापरलं तर चालेल, धुक्याला कुणी मालक नाही. पण त्या गावाचं नाव, तो रेडिओ, आपल्या मुलीला शोधणारा तो बाप, हे सगळं कोनामीच्या कपाटात. ‘सायरन’ सोनीच्या कपाटात. पंचवीस वर्षांचं काम करून माणूस दारातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात एक वाक्य असतं : ‘सायलेंट हिलच्या निर्मात्याकडून’. बस. नटाची भूमिका त्याच्या गळ्यात असते म्हणून ती त्याच्याबरोबर जाते. गेमवाल्याची भूमिका करारात असते. झूल उतरवून हत्ती मोजणाऱ्यांनी हेही मोजावं, की झुलीबरोबर सोंडही काढून घेतली आहे.

त्या एका वाक्यावरून बडोद्याची एक गोष्ट सांगतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ तरुणपणी इथे गायकवाडांच्या दरबारात होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत ते सरदार घराण्यातल्या ताराबाई मान्यांबरोबर बडोदा सोडून गेले. (कलेसाठी नव्हे, प्रेमासाठी. माझा दाखला तेवढ्यापुरता लंगडा आहे, कबूल.) दरबार सुटला, पुढे खाँसाहेबांनी महाराष्ट्रात, कर्नाटकात गाणं नेलं, शाळा काढली, तिकीट लावून जलसे केले. त्यांची मुलगी जन्मली मिरजेला, १९०५ मध्ये, म्हणजे बडोदा सुटून वर्षं लोटल्यावर. आणि तिने नाव लावलं काय? हिराबाई बडोदेकर. ज्या दाराबाहेर आईबाप पडले, त्याच दाराचं नाव मुलगी अभिमानाने मिरवत राहिली, आणि आज बडोद्याबाहेर कितीतरी कानांना बडोदा हा शब्द पहिल्यांदा तिच्यामुळे ऐकू आला असेल. ‘सायलेंट हिलच्या निर्मात्याकडून’ हे त्याच जातीचं आडनाव आहे. मालकी नाही, नातं आहे. कोनामी त्याबद्दल तोयामांना पैसे देत नाही, पण काढूनही घेऊ शकत नाही.

इथे कुणी म्हणेल, उस्ताद फैयाज खाँ तर शेवटपर्यंत बडोद्यातच राहिले, त्यांचं काय वाईट झालं? काहीच नाही. राहणं हा गुन्हा नाही, आणि राहिलेला माणूस बाटलेला असतो असं म्हणणाऱ्या आमच्या फाइन आर्ट्सच्या मुलीला मी हेच ऐकवलं. आफताब-ए-मौसिकी (म्हणजे संगीताचा सूर्य, ही खाँसाहेबांची पदवी) दरबारात राहून आफताबच होते. पण पुढचं वाक्यही ऐकावं लागेल. १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, खाँसाहेब १९५० मध्ये गेले. म्हणजे दरबार त्यांच्या आधी गेला.

सुरक्षिततेचा मुद्दा मी इथेच घेतो, कारण आमच्या गावात तो सगळ्यात जड पडतो. बडोद्याची मराठी माणसं आली चाकरीला. आधी गायकवाड सरकारची, मग ॲलेम्बिकची, रिफायनरीची, आयपीसीएलची. पन्नाशीत नोकरी सोडणाऱ्याकडे इथे लोक आजाऱ्याकडे पाहावं तसं पाहतात. “चाललं होतं ना सगळं बरं?” तर पाहा काय बरं चाललं होतं. तोयामा २०२० मध्ये सोनीच्या जपान स्टुडिओतून बाहेर पडले. एप्रिल २०२१ मध्ये सोनीने तो स्टुडिओच मोडीत काढला. त्यातली टीम आसोबी तेवढी राहिली. म्हणजे ज्या बंगल्यातून उडी मारली म्हणून आपण त्यांना वेड्यात काढतो, त्या बंगल्यावर तेव्हा नोटीस लागण्याच्या बेतात होती. मिकामींचं तर आणखी बोलकं. कॅपकॉम सोडल्यावर त्यांनी २०१० मध्ये टँगो गेमवर्क्स काढला, आणि त्याच वर्षी तो झेनिमॅक्सला विकावा लागला. झेनिमॅक्सला पुढे मायक्रोसॉफ्टने घेतलं. २०२३ च्या जानेवारीत टँगोचा ‘हाय-फाय रश’ आला, वाहवा झाली. त्या वर्षी मिकामी बाहेर पडले. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने टँगो बंद करायचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने उचलून धरलं म्हणून नाव तरी उरलं. चांगला गेम केला तरी दरबार बरखास्त होतो, तर मग पन्नाशीत टिकून राहण्यातली सुरक्षितता नेमकी कुठल्या खुंटीला टांगलेली असते?

मात्र इथे मी एक गोष्ट मनापासून कबूल करतो, आणि तिला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. नाव असलेला माणूस फुटतो तेव्हा त्याच्यामागे जाणारी बिननावाची माणसं असतात. पडला तर तो ‘अमुकचा निर्माता’ म्हणून पुन्हा उभा राहील. दारं-खिडक्या रंगवणारी पोरं राहतील का?

दारं-खिडक्या मी उपमा म्हणून लिहिलेलं नाही. माझा पुतण्या इथेच एमएस युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्समधून शिकून परदेशी गेमसाठी कंत्राटी काम घेणाऱ्या एका कंपनीत लागला. एका रविवारी त्याने मला पडद्यावर एक दार दाखवलं. लोखंडी, तीन बिजागऱ्यांचं. मधल्या बिजागरीवर गंज होता, आणि त्या गंजातून खाली ओघळलेला एक तपकिरी डाग, पावसाळ्यात आमच्या मोरीच्या खिडकीखाली असतो तसा. “तीन आठवडे, काका,” तो म्हणाला. “गंज आधी वर जमतो का खाली, यावर दोनदा परत आलं.” गेम कुठला? ते सांगायची परवानगी नाही. नाव येणार का शेवटी? कंपनीचं येईल. मी त्या दाराकडे बराच वेळ पाहत राहिलो. पलीकडे काय असेल असं वाटलं, म्हणजे दाराने आपलं काम केलं होतं.

अटारी या अमेरिकन गेम कंपनीत १९७९ मध्ये हीच ठिणगी पडली होती. गेम लाखांनी खपत होते आणि खोक्यावर करणाऱ्याचं नाव नव्हतं. चौघे प्रोग्रॅमर बाहेर पडले, ॲक्टिव्हिजन निघाली, आणि करणाऱ्याचं नाव खोक्यावर आलं. त्याच ॲक्टिव्हिजनला २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जवळपास सहा हजार नऊशे कोटी डॉलरना विकत घेतलं. फुटून निघालेली मंडळी पुरेशी जगली की तिचाच दरबार होतो. प्रभातचंही तेच ना? महाराष्ट्र फिल्म कंपनीतून १९२९ मध्ये फुटून प्रभात झाली, आणि १९४२ मध्ये प्रभातमधून शांताराम बाहेर पडले.

तेव्हा बाहेर पडणं एकदाच घडणारी क्रांती आहे या समजुतीतून आपण बाहेर पडलेलं बरं. हिदेओ कोजिमा या गेम-दिग्दर्शकाचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये त्यांनी कोनामीत असताना ‘पी. टी.’ नावाचा छोटा नमुना केला : काटकोनात वळणारा एकच बोळ, तो पुन्हा पुन्हा चालायचा. इतकी स्वस्त आणि इतकी परिणामकारक भीती त्या दशकात दुसरी नसेल. तो ज्याचा नमुना होता तो ‘सायलेंट हिल’चा नवा भाग २०१५ मध्ये कंपनीने रद्द केला आणि तो नमुना दुकानातूनही काढून टाकला. वर्षअखेर कोजिमा स्वतंत्र झाले. स्वतंत्र म्हणजे काय, तर पुढचा गेम त्यांनी सोनीच्या पैशांवर आणि सोनीच्याच एका स्टुडिओच्या इंजिनावर (गेम ज्यावर उभा राहतो त्या सॉफ्टवेअरवर) केला. मला यात ढोंग दिसत नाही. राजा बदलला आणि नव्या राजाने काही वर्षं विचारलं नाही, एवढं स्वातंत्र्य कारागिराला पुरतं.

आणि जे थेट लोकांच्या दारात गेले? केइजी इनाफुने कॅपकॉम सोडून लोकवर्गणीकडे वळले, २०१३ मध्ये अडतीस लाख डॉलरच्या वर जमा झाले, २०१६ मध्ये आलेल्या गेमने लोकांची निराशा केली. कोजी इगाराशींनी कोनामी सोडून तोच मार्ग धरला, पंचावन्न लाखांवर मिळाले, आणि २०१९ मध्ये त्यांचा गेम लोकांना आवडला. दोघांनीही आपल्या जुन्या घराचाच नमुना नव्या नावाने विणला होता. एकाचा विणला गेला, दुसऱ्याचा उसवला. उड्या मारायच्या गेममध्ये जुनं पुन्हा चालतं. सवयीच्या उडीतही मजा असते. हॉररवाल्याला तोही आधार नाही. तोयामांनी धुकं पुन्हा विकायला काढलं असतं तर गिऱ्हाईक मिळालं असतं. त्याऐवजी त्यांनी नव्वदच्या दशकातल्या हाँगकाँगसारखी निऑनने पेटलेली एक नगरी घेतली, आणि शरीर नसलेला एक आत्मा, जो रस्त्यावरच्या कुणाच्याही अंगात येतो : भाजीवाली, म्हातारा, कुणीही. एक शरीर पडलं की दुसरं. अंगात येणं आपल्याला नवं नाही, पण येणाऱ्याच्या बाजूने ते कधी पाहिलं होतं का आपण? गेम दोन-तीन ठिकाणी मलाही रटाळ वाटला. पण पंचवीस वर्षं ज्याला लोक धुक्याने ओळखत होते, त्याने पहिल्या स्वतंत्र कामात धुकं बाजूला ठेवलं, हे गुणपत्रिकेत कुठल्या रकान्यात लिहायचं?

आमच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. १८८८ च्या सुमारास महाराजांनी पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं त्यांच्याकडून मागवली होती. याहून मोठा आश्रय हिंदुस्थानात तेव्हा कुठला असणार? तरी १८९४ मध्ये या माणसाने मुंबईत स्वतःचा शिळाछापखाना काढला, जर्मन यंत्रं आणली. छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, प्लेगची वर्षं आली, कर्ज वाढलं, आणि अखेर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला, चित्रं छापण्याच्या हक्कांसकट. गुण द्यायचे तर उद्योजक रविवर्मा नापास. पण माझ्या आजीच्या देवघरात जी लक्ष्मी होती ती राजवाड्यातून आली नव्हती, छापखान्यातून आली होती. आणि त्या छापखान्यात काही काळ काम केलेला एक तरुण आमच्याच कलाभवनात शिकलेला होता. त्याने १९१३ मध्ये सिनेमा काढला. फाळके. राजवाड्यातल्या चौदा चित्रांपासून पडद्यापर्यंतची ही वाट एका बुडालेल्या धंद्यातून गेली आहे, आणि कोजागिरीच्या रात्री कुणी रविवर्म्याचं पोस्टमॉर्टेम केलं असतं तर त्याला त्यात फक्त कर्ज सापडलं असतं.

पुतण्या त्या रात्री वादात फारसा बोलला नाही. पोरं गेल्यावर, पातेलं खरवडताना, त्याने सांगितलं की तो रात्री काहीतरी स्वतःचं करतोय. आमचाच वाडा. माजघर, बोळ, परसाकडचं दार. गेम म्हणावा इतकं नाही, चाळीसेक सेकंदांचं चालणं. दाखव म्हटलं तर म्हणाला, फाइल नाहीये. मला कळेना. मग त्याने सांगितलं : करारात कलम आहे, नोकरीत असेपर्यंत जे काही बनवशील, ऑफिसात किंवा घरी, ते कंपनीचं. म्हणून तो बनवत नाही. वहीत पेन्सिलीने बोळाचे नकाशे काढतो, मापं लिहितो, कुठे किती वेळ थांबायचं ते लिहितो. वकिलाला विचारलं का? नाही. भीती वाटते.

मग म्हणाला, “काका, तुमचा फोन द्या ना. माझ्यावर नको.” आम्ही दोघं खाली माजघरात गेलो. परसाकडच्या दाराला अजून जुनी लोखंडी कडी आहे, साखळीची, कोयंड्यात अडकते ती. त्याने दिवा घालवला, मला फोन कडीजवळ धरायला लावला आणि स्वतः तोंडावर हात ठेवून लांब उभा राहिला, श्वास येऊ नये म्हणून. मी कडी काढली. नुसतं काढणं नको, तो कुजबुजला, अर्धी काढा आणि थांबा. तिसऱ्या वेळी त्याला हवं तसं झालं. ती ध्वनिफीत माझ्या फोनमध्ये आहे, ‘कडी ३’ नावाने, अकरा सेकंदांची.